ओल्या मळीचा वास

आमच्या घरात लसूण कधी आला नाही. कांदा नाही, बटाटा नाही, मुळा-गाजर नाही. जमिनीच्या पोटात वाढणारं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. त्याचं आम्हाला काही वाटतही नसे, कारण जे कधी खाल्लंच नाही त्याची आठवण तरी कशी येणार? अडचण होती ती जळगावची. या गावात सकाळचे अकरा वाजले की घरोघर तव्यावर मिरच्या आणि लसूण पडायचा आणि मग तांब्याच्या बुडानं तो तव्यातच ठेचल्याचा आवाज गल्लीभर सुरू व्हायचा. आमची आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, हातातलं काम टाकून उठायची आणि रस्त्याकडच्या तिन्ही खिडक्या लावून घ्यायची. भर मे महिन्यातसुद्धा. आम्ही घामानं निथळत आत बसायचो आणि बाई सामायिकाची, म्हणजे आम्हा जैनांच्या ध्यानाची, माळ घेऊन बसायची. गल्लीतली जेवणं उरकली की खिडक्या उघडायच्या. मी एकदा विचारलं होतं, नुसता वास आला तर काय बिघडतं? बाई म्हणाली, "वास आला की मन जातं." लसणाशी माझी ओळख एवढीच, खिडकीच्या फटीतून जेवढा येईल तेवढी. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते आमच्या या नाकांमुळे झालं. नाकांमुळे म्हणते खरी, पण जीभ माझी होती.

घराच्या मागे बाबूजींचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कारखाना होता. आजोबा मारवाडातून कापडाचे तागे घेऊन आले होते. बाबूजींना कापडात गोडी वाटली नाही, त्यांनी भट्टी घातली. केळीचे बागाईतदार तेव्हा विहिरींवर इंजिनं आणि पंप बसवत होते, फैजपूर-रावेरकडची माणसं बैलगाडी घेऊन येत आणि पंपाची टरफलं, पुल्या, चाकं घेऊन जात. आठवड्यातून दोनदा भट्टी लागे. त्या दिवशी पहाटेपासून भात्याच्या पंख्याचा घूं-घूं आवाज सुरू होई, पितळी डब्यांची झाकणं फडताळात थरथरत, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या मुगाच्या पापडांवर काजळीचे ठिपके पडू नयेत म्हणून बाई त्यांच्यावर बाबूजींचं जुनं धोतर पसरून ठेवी. तरी ठिपके पडायचेच. आमच्या घरचा पापड पाहुण्यांना ठिपक्यांवरून ओळखू येई. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा नियम, त्यामुळे भट्टीच्या दिवशी बाबूजी तसेच धगीतून उठून यायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि गट्ट्याची भाजी खाताना एक डोळा पश्चिमेकडे आणि एक डोळा भट्टीकडे ठेवायचे.

बिडाचा एक खोडसाळपणा असतो. जाड भागात ते सावकाश निवतं, मऊ राहतं. पातळ भागात झटकन निवतं आणि पांढरं पडतं, काचेसारखं कडक. लेथवर घेतलं की हत्याराचं टोक मोडतं आणि शेतात गेलं की एका दणक्यात तडकतं. त्यावरचं औषध सिलिकॉन. वितळलेल्या रसात ते योग्य तेवढं पडलं की बीड करड्या रंगाचं, कामाला सोसणारं निघतं. फेरोसिलिकॉन नावाचा चांगला माल असे, पण तो आमच्यासारख्या छोट्या कारखान्याला मिळायची मारामार. दोंडाईच्याला आमचे एक मामा दलाली करत. त्यांनी कुठून तरी दूरच्या, विजेच्या भट्टीत सिलिकॉन काढणाऱ्या कारखान्यातली मळी आणून दिली. तिथे टाकाऊ म्हणून ढीग लागायचे. काळपट-राखी ढेकळं, त्यांत चांदीसारखे चकाकणारे तुकडे अडकलेले, आणि पोत्याच्या तळाशी जड, करडी भुकटी. बाबूजींनी ती ढेकळं कोकबरोबर भट्टीत टाकून पाहिली, भुकटी ओतायच्या डावात टाकून पाहिली, आणि पंधरा दिवसांत असे खुशीत आले की घरात शीळ घालायला लागले. दुसऱ्यांनी फेकलेल्या मळीवर आमचे पंप उभे राहत होते याचा त्यांना फार अभिमान. मामांनी एकच बजावलं होतं, माल कोरडा ठेवायचा. आम्ही सगळे समजलो की ओली भुकटी तापल्या रसात पडली तर रस अंगावर उडेल, म्हणून. ते कारण खरंच होतं. एकटं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

माल बरा उतरला की नाही हे आबा सांगायचे. आबा आमच्या कारखान्याचे पहिले साचेकरी. धुळ्याकडच्या एका खेड्यातून बाबूजींनी त्यांना आणलं होतं. भट्टीच्या धगीनं त्यांचे डोळे गेले तरी बाबूजींनी त्यांना सोडलं नाही. प्रत्येक ओतणीआधी एक छोटी पाचर ओतायची, निवली की घणानं मोडायची, आणि मोडलेली कड आबांच्या हातात द्यायची. ते अंगठा फिरवायचे. टोकाकडे गुळगुळीत, पांढरा भाग किती आणि खरखरीत, करडा भाग किती, हे त्यांना डोळ्यांशिवाय कळे. "जरासं टाक आखो," म्हणायचे, की डावात मूठभर भुकटी आणखी पडायची. त्यांची विधवा सून जिजा आमच्याकडे साच्यांच्या आतले गाभे करायची. वाळू, काकवी आणि थोडं तेल असं मिश्रण ती भाकरीच्या पिठासारखं मळायची आणि लाकडी पेटीत दाबून असा गाभा काढायची की कड एका ठिकाणी मोडलेली नसे. ते गाभे भाजत असताना अख्ख्या आवारात गुऱ्हाळासारखा गोड वास सुटायचा. मी तिला जिजाअक्का म्हणायची, आणि ती मला इमल. शाळेतून आले की तिच्याजवळ बसून ओल्या वाळूचे लाडू करायचे हा माझा कितीतरी वर्षांचा उद्योग होता. माझे केस तिनं विंचरलेत, माझ्या पायातला काटा तिनं काढलाय. सासरा-सून कारखान्याच्या आवारातल्या एका खोलीत राहायची. खोली देताना बाईनं एक अट घातली होती, आवारात लसूण-कांदा शिजणार नाही. जिजानं ती मान्य केली आणि पाळली. महिन्या दोन महिन्यांनी ती भावाकडे जायची, तिथे पोटभर ठेचा खायची आणि येताना तोंडात लवंग धरून यायची. हे मला तिनंच हसत सांगितलेलं.

मी इंटर सायन्सला होते त्या वर्षीची गोष्ट. माझ्या लग्नाचं घरात बोलणं सुरू होतं आणि मला पुढे शिकायचं होतं. बाबूजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. श्रावणात त्यांनी मला एक काम दिलं. मळीची नवी पोती आली होती, त्यांतली चकाकी असलेली ढेकळं वेगळी करायची आणि निव्वळ राख-माती वेगळी. मजुरांना ते निवडता येईना. "तू सायन्स शिकतेस ना? बघ तुला कळतं का," एवढंच म्हणाले. मी ओळखलं की ही माझी परीक्षा आहे. दोन दिवस मी दुपारभर निवडत बसले. प्रत्येक ढेकळावर काळी भुकटी चिकटलेली, पुसल्याशिवाय चकाकी दिसेना, नखांत काळं, नाकात काळं. तिसऱ्या दिवशी मला अक्कल सुचली. बाबूजी धुळ्याला गेले होते. मी दोन घमेली पाणी घेतलं आणि सगळी पोती धुऊन काढली. ढेकळं लखलखीत! दोन दिवसांचं काम तासाभरात उरकलं. घमेल्यात बारीक बुडबुडे येत होते, त्यांचं मला कौतुक वाटलं होतं, हे मला चांगलं आठवतं. पण आता तळाला बसलेल्या भुकटीचं काय करायचं? बाहेर झड लागलेली, ऊन नाही. कोरडा ठेवायचा हे तर मला पाठ होतं. मी ती ओली भुकटी गोण्यांत भरली, माल ठेवायच्या कोठीच्या मागच्या भिंतीला लावली आणि तिच्यावर कोरडी पोती रचली. आपोआप वाळेल, असं म्हटलं.

बाबूजी आले, निवडलेला माल बघून थक्क झाले. आबांना त्यांनी एक ढेकूळ हातात दिलं. आबांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरनी साफ काम करं." त्या संध्याकाळी जेवताना बाबूजी बाईला म्हणाले की हिला यातलं कळतं, बी.एस्सी. करू दे. इतकं सोपं झालं ते. मी ताटातली मूगडाळ संपवली आणि गच्चीवर जाऊन एकटीच हसत बसले.

कोठीची मागची भिंत ती आबांच्या खोलीची भिंत. मध्ये वरच्या बाजूला वाऱ्यासाठी विटांची जाळी होती. आठ-दहा दिवसांत जिजा म्हणायला लागली की तिचं डोकं ठणकतं. आबांना मळमळायचं, खोकला लागायचा, दोनदा उलटी झाली. म्हातारपण, पावसाळी हवा, असं सगळ्यांनी म्हटलं. पर्युषण सुरू झालं होतं. त्या आठ दिवसांत बाई मुंगीलाही वळसा घालून चालायची, पाणी उकळून प्यायची, बोलणंसुद्धा मोजकं. एका सकाळी ती कारखान्याच्या आवारात तुळशीजवळच्या दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि नाकाला पदर लावून परत आली. "लसूण!" एवढाच शब्द. मग मलाही तो वास आला, उग्र, कोंदट, घशात अडकणारा. तो जिजाच्या दारातून येत होता. बाई दार ढकलून आत गेली, मी तिच्या मागे. चुलीवर नुसतं वरण होतं. बाईनं डबे उघडून बघितले, उतरंड बघितली. लसणाची पाकळी सापडली नाही. पण कोठीच्या दाराशी, पोत्यांच्या आडोशाला, तीन उंदीर मरून पडलेले सापडले.

आता हे आज लिहिताना सोपं वाटतं, पण पर्युषणात मेलेला उंदीर दिसणं म्हणजे बाईला काय, हे कसं सांगू? तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझी आई दुष्ट नव्हती. ती उंदरांसाठी रडली आणि माणसांवर उलटली, दोन्ही एकाच दमात.

"जिजा, पर्युषणात विष घातलंस? आणि वर लसूण खातेस? माझ्या आवारात?"

"बाई, इख मी कसाले टाकसू?" जिजा म्हणाली. ती गाभ्याच्या पेटीजवळून तशीच आली होती, हात कोपरापर्यंत वाळूनं माखलेले. "आन् लसूण म्हन्शात तं आमना घरमा नखभर लसूण नही शे. बाई, हाऊ लसूणना वास नहीच. लसूण मी वळखस. हाऊ काही दुसराच शे."

मोठी झाल्यावर मी हे वाक्य किती वेळा आठवलं असेल! आम्हा तिघींत लसूण जाणणारी ती एकटी होती. तिचं ऐकायचं सोडून आम्ही, जन्मात लसणाची पाकळी हातात न धरलेली माणसं, तिला लसूण शिकवत होतो. बाई माझ्याकडे वळली. "विमल, तुला येतो ना वास? लसणाचाच ना?"

मी म्हटलं, "हो."

बाबूजी भट्टीकडून आले. त्यांनी आबांकडे पाहिलं, उंदरांकडे पाहिलं, बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाईच्या धर्मात ते कधी पडत नसत. त्याच दिवशी दुपारी भाड्याची बैलगाडी आली. एक ट्रंक, दोन गोधड्या, भांड्यांचं गाठोडं, आणि आबा. आबांनी गाडीत बसण्याआधी कारखान्याच्या दाराच्या बिडाच्या जाळीवरून एकदा हात फिरवला. ती त्यांनीच ओतलेली होती. जिजा मात्र बाईसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"बाई, मी लसूण खादा नही. तुमले पटस नही, ऱ्हाऊ द्या. पन तुम्ही सोता मन्हापन येईसन सांगशात, का जिजा, तू खादा नव्हता, तवलोंग मी लसूणले हात लावाव नही."

बाई स्वतः येऊन कबूल करेपर्यंत म्हणे लसूण सोडला! रागाच्या भरात माणसं काय काय बोलतात, असं मी मनात म्हटलं. गाडी गेली. चार दिवसांनी संवत्सरी आली. आमच्याकडे त्या दिवशी लहानथोर सगळ्यांची क्षमा मागायची, जाणता-अजाणता कुणाला दुखवलं असेल तर मिच्छामि दुक्कडं म्हणायचं. बाई नवं लुगडं नेसून गल्लीतल्या घरोघर हात जोडून आली. भाजी विकणाऱ्या बागवानाच्या घरीसुद्धा गेली. जिजाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

वास मात्र गेला नाही. जिजा गेली तरी महिनाभर तो येतच होता. बाईनं खोली शेणानं सारवून घेतली, मग चुना लावला, मग म्हणाली भिंतीत मुरलाय. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. खरं सांगायचं तर आली. मी कोठीच्या दाराशी उभी राहिले, आत जायचं धैर्य झालं नाही, परत फिरले. नवरात्रात ऊन पडलं, भुकटी वाळली, भट्टीत गेली, वास संपला. पाचरीवर अंगठा फिरवायला आता कुणी नव्हतं. त्या हिवाळ्यात आमचे चार पंप तडकून परत आले.

मग कॉलेजात तो तास झाला. आमच्या रसायनाच्या सरांनी टेबलावर कॅल्शियम कार्बाइडचा खडा ठेवला आणि त्यावर पाण्याचे थेंब सोडले. लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्त्यांचा तो वास वर्गभर पसरला आणि मला कोठीचं दार आठवलं. सर म्हणाले, "हा वास ज्या वायूचा तुम्हाला वाटतो त्याचा नाही. कार्बाइडमध्ये फॉस्फरसचा अंश असतो, त्याला पाणी लागलं की फॉस्फिन निघतं. लसणासारखा वास येतो. विषारी असतं, कोठारात उंदीर मारायलाही वापरतात. आणि केवळ कार्बाइडच नव्हे. फेरोसिलिकॉन, त्याची मळी, ओली झाली की तीही हेच करते. म्हणून ती कोरडी ठेवायची." सर पुढे गेले, फळ्यावर समीकरण लिहिलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी पण घेतलं. ती वही माझ्याकडे अजून आहे आणि त्या पानावरचं माझं अक्षर अगदी नीटस आहे, याचीच मला आज जास्त लाज वाटते.

घरी आले. बाई पापड लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, दोन घमेली, ओल्या गोण्या, जाळी. बाई म्हणाली, "उभी काय राहिलीस? हात धू आणि लाटायला बस." मी हात धुतले आणि लाटायला बसले. बोलले असते तर काय झालं असतं? बाबूजींनी मला विचारलं असतं की कोरडा ठेवायचा माल तू धुतलास का, आणि माझं बी.एस्सी. तिथेच संपलं असतं. निदान मला तसं वाटत होतं. मी मनाशी एक वकिलीसुद्धा तयार केली. बाईनं त्यांना काढलं म्हणून ती वाचली. राहिली असती तर आबा त्या खोलीत मेले असते. यात खोटं काही नव्हतं. धुळ्याला गेल्यावर महिन्याभरात आबा उठून बसले आणि पुढे चार वर्षं जगले, हे आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी सांगितलं. या युक्तिवादावर मी बरीच वर्षं शांत झोपले.

पुढे मी रसायनाची शिक्षिका झाले. दर वर्षी नवव्या इयत्तेला कार्बाइडवर पाणी टाकून दाखवायची आणि पोरी नाकाला रुमाल लावायच्या. दर वर्षी संवत्सरीला मी मिस्त्रींकडून घेतलेल्या धुळ्याच्या पत्त्यावर जिजाला एक कार्ड टाकायची. त्यावर सगळ्यांना लिहितात तेच. जाणता-अजाणता माझ्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. चार ओळी, खाली सही. कार्ड पेटीत पडलं की मला हलकं वाटायचं.

बाई गेली त्या वर्षी मी धुळ्याला गेले. बाई असेपर्यंत गेले नाही, हे लिहिलंच पाहिजे. जिजा पांझरेच्या पलीकडे भाचीबरोबर दोन खोल्यांत राहत होती, अजून एका कारखान्यात गाभे करत होती. केस पिकले होते. मला बघताच उठली, माझ्या गालांवरून वाळूनं खरखरीत झालेले हात फिरवले.

"इमल! कितली वाळी गयी तू. बैस, जेवीसन जाय."

भाचीनं, सुमननं, ताट आणलं. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ. मी घुटमळले. जिजा हसली, "खाय बिनघोर. लसूण नही शे तिनमा." मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला वेगळं केलंत? तेव्हा सुमन म्हणाली, "वेगळं नाही केलं, ताई. आत्याचं रोजचंच आहे. आमची डाळ त्या दुसऱ्या पातेल्यात. आत्या लसूण खातच नाही. सण असो, आजारपण असो, बारा वर्षं झाली. नवसबिवस असेल, विचारलं तर सांगत नाही."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात राहिला. खानदेशातल्या बाईनं बारा वर्षं लसणाशिवाय भाकर खाल्ली, आणि मी एक शब्द बोलले असते तर तो नेम पहिल्याच वर्षी सुटला असता. मी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. घमेल्यांपासून सांगितलं. बुडबुडे सांगितले, गोण्या कुठे लपवल्या ते सांगितलं, सरांचा तास सांगितला, पापड सांगितले. काही राखलं नाही. बोटांच्या पेरांतली वाळू जिजा एकेक करून काढत होती. शेवटी म्हणाली,

"तुले हे कवयपासून माहीत शे?"

"त्याच वर्षीपासून."

"मंग कारडवर कसं नही लिखं?"

ती शांतपणे बोलत राहिली. "दरसाल कारड येस. सुमन वाची दाखाडस. मी म्हनू, माय, हाई पोर कितली भली शे. काही करेल नही तरी माफी मांगस."

मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडणं म्हणजे तिला समजूत घालायला लावणं, म्हणून मी ते आवरलं. म्हटलं, "अक्का, बाई राहिल्या नाहीत. त्यांच्या वतीनं मी सांगते. तू लसूण खाल्ला नव्हतास. आता तरी खा."

तिनं सुमनकडून लसणाचा गड्डा मागून घेतला आणि माझ्या हातात दिला. "तू सोल."

तिशीच्या जवळ आलेली मी, पहिल्यांदा लसूण सोलत होते. पापुद्रे नखाला चिकटत होते, निसटत होते. पहिली पाकळी फुटली आणि वास आला. मी थांबले. पुन्हा हुंगला. तो तिखट होता, ओला होता, त्यात भुकेची आठवण होती. कोठीतल्या त्या कोंदट वासाशी त्याचं लांबून नातं असेल एवढंच. जिजा खरं सांगत होती. तो लसणाचा वास नव्हताच, आणि मी ज्याची साक्ष दिली होती ते मी आयुष्यात कधी नीट हुंगलेलंच नव्हतं.

तिनं एक पाकळी तोंडात टाकली, चावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, आणि तिनं तो घास ओंजळीत काढून घेतला. "नही वं," ती पाणी पिऊन म्हणाली, "आते नही पचाव. जीभ इसरी गयी." सोललेल्या उरलेल्या पाकळ्या तिनं सुमनच्या पातेल्याशेजारी ठेवल्या.

निघताना ती दारापर्यंत आली. माझ्या पाठीवर हात ठेवला, पूर्वीसारखाच. "येत ऱ्हाय पोरी," म्हणाली, आणि मी पायरी उतरल्यावर मागून म्हणाली, "पन कारड आते धाडू नको." मी ते पुन्हा कधी पाठवलं नाही. दोनदा भेटायला मात्र गेले. ती मला भाकर वाढायची, जुन्या गोष्टी काढायची, आबांच्या काढायची. त्या दिवसाची कधी नाही.

त्या दिवशी एस.टी.नं जळगावला परतले तेव्हा ऊन कलत होतं. बाबूजी ओसरीवर बसले होते, फार थकले होते, भट्टी बंद होऊन वर्ष झालं होतं. त्यांचं सूर्यास्ताआधीचं ताट वाढायला मी वाकले. एस.टी. स्टँडवर नळ होता, मी हात धुतले नव्हते. का नव्हते, ते तेव्हा कळलं नव्हतं. बाबूजींनी नाक वर केलं, इकडेतिकडे पाहिलं.

"विमल, कसला वास येतोय गं? काही ओळखू येत नाही."

"लसणाचा, बाबूजी," मी म्हटलं. "लसणाचा वास असा असतो."

आणि ताट खाली ठेवून मी त्यांच्यासमोर बसले, घमेल्यांपासून सांगायला.